श्रद्धा असली की मरणाची भीती जाते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरळ सांगा, श्रद्धाळू माणसाला मरणाची भीती कमी वाटते की नाही?

काहींना कमी वाटते, काहींना जास्त, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत श्रद्धेचा नि भीतीचा फारसा संबंधच सापडत नाही. हे उत्तर ऐकून कुणाचंच समाधान होत नाही, आस्तिकाचंही नाही नि नास्तिकाचंही नाही, पण आकडे तसेच आहेत त्याला काय करणार. २०१७ मध्ये जोनाथन जाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ ते २०१४ या काळातले साधारण १०० अभ्यास एकत्र केले, त्यातली सगळी माणसं मिळून २६ हजारांच्या आसपास, आणि निम्म्याहून जास्त अभ्यासांत धार्मिकता आणि मरणाची भीती यांचा काहीच संबंध दिसला नाही. ३० टक्के अभ्यासांत धार्मिक लोक कमी घाबरलेले निघाले, १८ टक्क्यांत उलट जास्त घाबरलेले.

खरी मजा पुढे आहे. त्यातले ११ अभ्यास असे होते की ज्यात मधल्या लोकांचं काय होतं हे नीट तपासता येत होतं, आणि त्यातल्या १० मध्ये तेच चित्र आलं. एका टोकाला पक्के श्रद्धाळू, दुसऱ्या टोकाला पक्के नास्तिक, दोघंही तुलनेने निवांत, आणि मधले जे "काहीतरी शक्ती असेल बुवा" म्हणतात, अडचण आली की ज्यांना देव आठवतो, त्यांची धाकधूक सगळ्यात जास्त.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो, यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, थोडे मध्यपूर्वेतले, थोडे पूर्व आशियातले. त्यामुळे कुणी "सगळ्या जगात असंच असतं" म्हणालं तर त्याला विचारायचं, कुठलं जग?

मधल्यांचीच गोची का होते?

माझं मत असं की अर्धवट मानणाऱ्याला धर्माचा धाक मिळतो पण आधार मिळत नाही. नरक असू शकतो एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, लहानपणी ऐकलेलं जात नाही ना पटकन, पण आपल्याला कुणी तारून नेईल ही खात्री नसते कारण ती खात्री रोजच्या साधनेतून, प्रार्थनेतून, बरोबरच्या चार माणसांतून येते आणि हा तर तिकडे वर्षातून दोनदा फिरकणार. पक्क्या नास्तिकाने तो प्रश्नच फाईल बंद करून टाकलेला असतो.

हे उलटंही असू शकतं बरं का. ज्याला मुळातच मरणाचं फार टेन्शन नाही त्याला धर्माची गरजच वाटली नसेल, म्हणून तो नास्तिक झाला असेल. आणि जो घाबरलाय तो आधार शोधत धर्माकडे निघालाय पण अजून पोचला नाही, म्हणून तो आपल्याला मध्ये सापडतो. एकदाच सर्व्हे करून यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कळत नाही.

पण धर्म मुळात मरणाच्या भीतीतूनच जन्माला आला ना?

असं म्हणणारे मोठे मोठे लोक आहेत. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ मध्येच लिहिलं की पुढे काय होणार याची काळजी आणि धास्ती यातून देवांची कल्पना आली. नंतर ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडलं की धर्माच्या उगमांपैकी सगळ्यात मोठा म्हणजे मरणाचा प्रसंग. ऐकायला पटतं.

पण मग जुन्या धर्मांतलं मेल्यानंतरचं जग जरा बघा. मेसोपोटेमियातलं पाताळ म्हणजे अंधारं घर, तिथे मेलेल्यांनी धूळ खायची आणि माती चघळायची. होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात अकिलीस एवढा मोठा वीर, तो मेल्यावर भेटतो तेव्हा काय म्हणतो, तर इथे सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा वर एखाद्या गरीब माणसाच्या शेतावर मजुरी केलेली बरी. ज्यूंच्या जुन्या ग्रंथांतलं शिओल हे पण असंच, निपचित, चांगले वाईट सगळे तिथेच. आणि आपल्याकडच्या ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधी समजावणाऱ्या ग्रंथांत, तर पुनर्मृत्यूची भीती आहे, म्हणजे परलोकात गेल्यावर तिथे परत मरावं लागलं तर काय! म्हणजे मरण एकदा येऊन सुटका नाही, दुसऱ्यांदा पण येणार.

आता सांगा, भीती घालवण्यासाठी माणसाने धर्म बनवला असता तर असली जागा कशाला बनवली असती? थोडंफार सांत्वन नंतर आलं, स्वर्ग, मोक्ष, पुनरुत्थान वगैरे, आणि ते आलं तेव्हा बरोबर हिशेब पण आला. इजिप्तमध्ये मेलेल्याचं काळीज तराजूत घालून सत्याची देवी मात हिच्या पिसाबरोबर तोलायचे, जड भरलं तर शेजारी ते गिळायला अम्मित ही राक्षसी टपून बसलेली, मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं धड, पाणघोड्याचं मागचं. भीती गेली नाही, तिने जागा बदलली फक्त.

म्हणजे धर्म भीती वाढवतो असं म्हणायचंय का तुम्हाला?

काही वेळा वाढवतो, हो. आणि हे धर्माचे विरोधकच म्हणतात असं नाही, धर्मातल्याच लोकांनी ती भीती मुद्दाम वापरली आहे. गरुडपुराणातली नरकांची वर्णनं, मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या भिंतींवरची शेवटच्या निवाड्याची चित्रं, ही काही सांत्वनासाठी काढलेली नाहीत. इस्लाममध्ये कबरीत मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते येऊन प्रश्न विचारतात असं मानतात, आणि अरबी भाषिक लोकांसाठी अहमद अब्देल-खालेक यांनी मरणाच्या चिंतेची वेगळी प्रश्नावली बनवली (२००४), त्यात मेल्यानंतर काय होणार याच्या भीतीला वेगळी जागा द्यावी लागली. पाश्चात्य प्रश्नावलीत कबरीतल्या शिक्षेबद्दल कुणी विचारतच नाही, मग ती भीती मोजली कशी जाणार.

कॅल्विनपंथी ख्रिश्चनांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्यांच्यात असं मानायचे की कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून टाकलंय, तुमच्या पुण्याने ते बदलत नाही, आणि तुमचं नाव कुठल्या यादीत आहे हे तुम्हाला कळणार पण नाही. मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये मांडलं की या घुसमटीतून ती माणसं कामाला जुंपून घेऊ लागली, कारण धंद्यातलं यश हे निवडले गेल्याचं चिन्ह असावं असं त्यांना वाटायला लागलं. वेबरचं सगळं म्हणणं इतिहासकारांना पटतं असं नाही, पण श्रद्धा एकदम पक्की आणि तरी जिवाला घोर, हे जमू शकतं एवढं त्यातून नक्की दिसतं.

आणि काही लोकांच्या बाबतीत हा आजार होतो, अगदी शब्दशः. प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून परत पहिल्यापासून, मनात वाईट विचार आला म्हणून पन्नास वेळा माफी, पाप लागलं तर नाही ना म्हणून दिवसभर पुजाऱ्याला किंवा मौलवीला विचारत बसायचं. हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार आणि कृती सक्तीने परत परत करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा, एक प्रकार आहे, सगळ्या धर्मांत सापडतो, त्यावर उपचार आहेत आणि जास्त भक्ती हा तो उपचार नाही.

पुनर्जन्म मानणाऱ्यांना तर मरणाचं काहीच वाटत नसेल, परत यायचंच आहे की!

हा प्रश्न मला फार वेळा विचारतात आणि विचारणाऱ्याचा समज असा असतो की पुनर्जन्म म्हणजे एक्स्ट्रा चान्स. पण ज्या परंपरांनी पुनर्जन्म सांगितला त्यांनीच त्यातून सुटायचं कसं हे सांगितलं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने परत येणं हीच अडचण आहे. जुनं वस्त्र टाकून नवं घालावं तसा आत्मा शरीर बदलतो हे गीतेतलं वाक्य तोंडपाठ असलेली माणसं दवाखान्यात रिपोर्ट हातात पडल्यावर गळून जातात, यात ढोंग काही नाही. पतंजलींनी योगसूत्रांत हे सरळ कबूल केलंय, दुसऱ्या पादाच्या नवव्या सूत्रात, की जिवाची ही आसक्ती आपोआप वाहत असते आणि विद्वानालाही ती तशीच चिकटलेली असते. विद्वानालाही! दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने हे लिहून ठेवलं आणि आपण अजून "तो एवढा धार्मिक आणि तरी घाबरला" म्हणून आश्चर्य करतोय.

तिबेटी भिक्खूंनाच मरणाची भीती जास्त वाटते असं सांगणारा तो अभ्यास खरा आहे का?

खरा आहे, २०१८ सालचा. शॉन निकोल्स, जे गारफिल्ड आणि त्यांच्या साथीदारांनी केलेला. त्यांची अपेक्षा काय होती, तर बौद्ध भिक्खू "मी" नावाची कायमची अशी काही वस्तू नाही हे मानतात, वर्षानुवर्षं ते शिकतात, मग ज्याला "मी" च नाही त्याला "मी संपणार" याची भीती कशी वाटेल? कागदावर एकदम बरोबर. त्यांनी तिबेटी भिक्खू, हिंदू, ख्रिश्चन, धर्म न मानणारे अमेरिकन अशा वेगवेगळ्या लोकांना प्रश्न विचारले.

भिक्खूंनी सांगितलं की हो, कायमचा "मी" नसतो, आणि हो, या विचाराने मरणाला सामोरं जायला मदत होते. आणि मग स्वतःचं अस्तित्व पुसलं जाण्याच्या भीतीबद्दल विचारलं तर सगळ्या गटांत त्यांचाच आकडा सगळ्यात वर! एवढंच नाही, एक काल्पनिक औषध होतं, स्वतः घेतलं तर आपलं थोडं आयुष्य वाढणार, दुसऱ्याला दिलं तर त्याचं जास्त वाढणार. दुसऱ्याला द्यायला सगळ्यात कमी तयार कोण, तर परत भिक्खूच.

यावरून "बघा, सगळं थोतांड" असं म्हणून नाचणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते उथळ वाटतं. एक तर जो माणूस रोज मरणाचा विचार करतो त्याला ते जास्त जवळ दिसणारच, बाकीचे आपण विसरून जगतो म्हणून फॉर्मवर "नाही, भीती वाटत नाही" ला टिक करून मोकळे होतो. दुसरं म्हणजे "मी नाही" हे सिद्धांत म्हणून शिकणं, त्यावर वादविवाद करणं वेगळं आणि ते अंगात मुरणं वेगळं. तुकोबा जेव्हा म्हणतात की आपलं मरण मी डोळ्यांनी पाहिलं आणि तो सोहळा अनुपम झाला, तेव्हा ते पाठांतराबद्दल बोलत नाहीत. असे लोक प्रश्नावलीत सापडणं अवघड, कारण ते फार थोडे असतात.

भीती मोजतात तरी कशी? फॉर्म भरून कळतं का कुणाला?

शंका रास्त आहे. सगळ्यात जास्त वापरली गेलेली प्रश्नावली डोनाल्ड टेम्पलरची, १९७० ची, १५ वाक्यं, खरं की खोटं एवढंच सांगायचं. त्यात मला मरायची फार भीती वाटते हे एक वाक्य, पण त्याच्याच बरोबर वेदनेने मरण येण्याची भीती, प्रेत बघून शहारणं आणि तिसऱ्या महायुद्धाच्या गप्पा ऐकून अंगावर काटा येणं हे पण आहे, आणि सगळ्यांची मिळून एक बेरीज. आता एकाला कॅन्सरच्या वेदनेची धास्ती, एकाला नरकाची, एकाला बायकोमुलांचं कसं होणार याची, तिघांचा आकडा सारखा आला तर त्या आकड्यातून श्रद्धेबद्दल काय कळलं? काहीच नाही.

त्याच्या एक वर्ष आधी कोलेट आणि लेस्टर यांनी जास्त शहाणपणाचं काम केलं होतं. आपलं मरण, आपलं मरत जाणं, दुसऱ्याचं मरण, दुसऱ्याचं मरत जाणं, असे चार वेगळे भाग केले. माझ्या मते हा सगळा विषय इथेच सुटा होतो. धर्म "मरणानंतर काय" या भीतीला हात घालतो, तो कमी करेल नाहीतर वाढवेल. मरत जाण्याच्या भीतीला, म्हणजे श्वास अडकणं, दुखणं, अंथरुणात परावलंबी होणं, याला स्वर्गाच्या वर्णनाचा काय उपयोग? तिथे दुखणं थांबवणारं औषध आणि जवळ बसणारं माणूस लागतं. खूप श्रद्धाळू माणसं स्वतःच म्हणतात की मेल्याची भीती नाही हो, मरेपर्यंतची आहे.

दाखवायची श्रद्धा आणि खरी श्रद्धा असा फरक पडतो का?

पडतो, आणि हा त्यातल्या त्यात विश्वासाने सांगता येण्यासारखा मुद्दा. गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी १९६७ मध्ये दोन प्रकार मांडले. एक, ज्याच्यासाठी धर्म हेच जगणं. दुसरा, ज्याच्यासाठी धर्म म्हणजे ओळखीपाळखी, प्रतिष्ठा, सुरक्षितता, थोडक्यात काहीतरी मिळवायचं साधन. पहिल्या प्रकारच्या लोकांमध्ये मरणाची भीती कमी दिसते, दुसऱ्यांत जास्त. मात्र ही विभागणी अमेरिकन प्रोटेस्टंट डोळ्यांनी केलेली आहे हे विसरू नका. जिथे धर्म म्हणजे सगळ्या कुटुंबाने मिळून करायच्या गोष्टी, तिथे "लोकांसाठी करतो की मनापासून" हा प्रश्नच जरा विचित्र वाटतो, दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

नास्तिक पण शेवटच्या क्षणी देवाचं नाव घेतो म्हणतात...

म्हणतात. जाँग, हॅल्बरस्टाट आणि ब्लुमके यांनी २०१२ मध्ये हे तपासलं. काही जणांना स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला लावलं, बाकीच्यांना दुसऱ्या साध्या विषयावर, आणि मग श्रद्धेचे प्रश्न. मरणाची आठवण करून दिल्यावर धार्मिक लोक आणखी धार्मिक झाले आणि धर्म न मानणारे आणखी ठाम "नाही" म्हणायला लागले, म्हणजे म्हण उलटीच पडली. पण पुढच्या प्रयोगात उत्तर द्यायला किती वेळ लागतो हे मोजलं तेव्हा मरणाचा विचार केलेले नास्तिक "देव नाही" म्हणायला जरा जास्त वेळ घेत होते. तोंडाने ठाम, बटण दाबताना अडखळले. आता यातलं खरं मत कुठलं? मला विचाराल तर माणूस विचार करून जे बोलतो ते त्याचं मत, पण आस्तिक वाचक इथे हसणार हे मला माहितीये.

मरणाच्या भीतीमुळेच लोक कट्टर होतात हा सिद्धांत ऐकलाय, तो काय आहे?

अर्नेस्ट बेकर नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं की माणसाची सगळी संस्कृती म्हणजे मरण नाकारण्याची खटपट. त्यावरून १९८० च्या दशकात ग्रीनबर्ग, पिश्चिन्स्की आणि सॉलोमन यांनी सिद्धांत उभा केला, मरणाची आठवण झाली की माणूस आपल्या धर्माला, देशाला, मूल्यांना जास्त घट्ट धरतो. १९८९ चा प्रयोग फार गाजला, अमेरिकेतल्या २२ न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाच्या एका काल्पनिक केसमध्ये जामिनाची रक्कम ठरवायला दिली. ज्यांना आधी मरणाबद्दल प्रश्न विचारले त्यांनी सरासरी ४५५ डॉलर लावले, बाकीच्यांनी ५०.

जबरदस्त ना? पण नंतर २१ प्रयोगशाळांनी मिळून याच सिद्धांतातला एक गाजलेला प्रयोग परत केला, २०२२ मध्ये तो छापून आला, आणि परिणाम दिसला नाही. त्यामुळे व्हॉट्सॅपवर कुणी न्यायाधीशांची गोष्ट पाठवली तर ती २२ माणसांची गोष्ट आहे एवढं लक्षात असू द्या. मला बेकरची कल्पना अजूनही आवडते, पण कल्पना म्हणून.

श्रद्धाळू लोक शेवटी शांतपणे "आता बास" म्हणतात, बरोबर?

इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो. अमेरिकेत कॅन्सर खूप पुढे गेलेल्या ३४५ रुग्णांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. जे रुग्ण आजाराशी झुंजताना धर्माचा खूप आधार घेत होते त्यांच्यापैकी ११.३ टक्के शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर होते, आणि कमी आधार घेणाऱ्यांपैकी ३.६ टक्के. म्हणजे जवळपास तिप्पट. लगेच "बघा, घाबरले" असा अर्थ काढू नका, चमत्कार होईल ही आशा असते, जीव देवाने दिलाय तो आपण सोडायचा कोण ही भावना असते, डॉक्टरांच्या हातून देवच काम करतो असंही वाटतं. पण श्रद्धा म्हणजे शांतपणे सोडून देणं, हे समीकरण चुकलं.

दुसऱ्या टोकाला जैनांची सल्लेखना आहे, अन्नपाणी हळूहळू कमी करत, गुरूची परवानगी घेऊन, जाणूनबुजून मरणाकडे जायचं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने ती आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. दोन्हीकडे श्रद्धाच आहे, एकीकडे शेवटच्या श्वासापर्यंत झगडायला लावणारी, एकीकडे आपल्या हाताने आवरतं घ्यायला लावणारी.

काही समाजात मेलेल्या माणसाला घरातच ठेवतात, त्यांना भीती वाटत नाही का?

इंडोनेशियातले तोराजा लोक. मोठा अंत्यविधी करायची तयारी होईपर्यंत, त्याला महिने लागतील नाहीतर वर्षं, ते प्रेत घरात ठेवतात, त्याला आजारी माणूस म्हणतात, जेवण नेऊन ठेवतात, त्याच्याशी बोलतात. मादागास्करच्या डोंगराळ भागात पूर्वजांना थडग्यातून काढून नव्या कापडात गुंडाळतात, गाणी बजावणी करत. मेक्सिकोचा मृतांचा सण तर २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

आणि याच्या बरोबर उलट अमेरिकेतले नवाहो हे मूळनिवासी लोक, परंपरेने मेलेल्याचं नाव घेत नाहीत, घरात मरण झालं तर ते घर सोडून देत, कारण मेल्यावर मागे जे राहतं ते धोक्याचं असं मानतात. धार्मिक दोघंही.

फोटो बघून आपण म्हणतो की मेक्सिकोच्या लोकांना मरणाची भीतीच नाही, ते मला पटत नाही. मेलेल्यांची सवय असणं आणि आपण मरणार याची भीती नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्मशानात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

एकाच माणसाला "सगळं संपतं" आणि "आत्मा असतो" हे दोन्ही कसं पटतं?

आरामात पटतं. रीटा आस्तुती आणि पॉल हॅरिस यांनी मादागास्करच्या वेझो लोकांना (२००८) एका माणसाच्या मरणाची गोष्ट दोन पद्धतींनी सांगितली. एका गोष्टीत तो दवाखान्यात मेला, दुसरीत त्याच्या कबरीची नि विधीची हकीगत. मग विचारलं, त्याचे डोळे चालतात का, त्याला ऐकू येतं का, बायकोचं नाव आठवतं का? दवाखान्याच्या गोष्टीनंतर लोक जास्त वेळा म्हणाले की संपलं सगळं, कबरीच्या गोष्टीनंतर जास्त वेळा म्हणाले की आठवत असेल, ओळखत असेल. समाज तोच, श्रद्धा त्याच, प्रसंग बदलला की उत्तर बदललं.

म्हणून "तुमचा आत्म्यावर विश्वास आहे का, हो की नाही" असा प्रश्न विचारून जे टक्के काढतात त्यावर माझा फार भरवसा नाही. सकाळी ऑफिसात विचारलं तर एक, मयतीवरून आल्यावर विचारलं तर दुसरं.

जे मरता मरता वाचले त्यांची भीती खरंच जाते?

बऱ्याच जणांची कमी होते. नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून परत आणलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, काहीतरी अनुभवल्याचं सांगितलं (पिम व्हॅन लोमेल, २००१), आणि आठ वर्षांनी परत विचारलं तेव्हाही त्यांच्यात मरणाची भीती इतरांपेक्षा कमी होती. अनुभव कशामुळे येतो यावर वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण संस्कृतीचा रंग कसा चढतो बघा. पाश्चात्य लोक वरून स्वतःचं शरीर पाहिल्याचं सांगतात, आणि भारतातल्या ज्या हकीगती सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये छापल्या त्यात यमदूत येऊन घेऊन जातात, तिथे वहीत बघतात, आणि कळतं की अरे भलत्याच माणसाला आणलं, मग परत पाठवतात. वर गेलं तरी कारकुनी चूक आहेच.

वय वाढलं की भीती वाढते का?

उलट. तरुणपणी जास्त असते, म्हातारपणी बहुतेकांची कमी होत जाते. मरत जाण्याची, परावलंबी होण्याची भीती मात्र राहते.

मला रात्री झोप लागत नाही, सारखं मरणाचं डोक्यात येतं. देवधर्म सुरू करू का?

मनापासून ओढ असेल तर जरूर करा. पण फक्त झोप यावी म्हणून ठरवून श्रद्धा आणायला गेलात तर बहुतेक त्या मधल्या गटात जाऊन बसाल. रोज असं होत असेल, छाती धडधडते, कामावर परिणाम होतोय, तर आधी मानसोपचार करणाऱ्या माणसाला भेटा. या भीतीवर बोलून करायच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो, तुम्ही आस्तिक असा नाहीतर नास्तिक.

घरातलं माणूस शेवटच्या आजारात आहे, त्याच्याशी देवाबद्दल बोलावं की नको?

आधी त्याला विचारा की तुला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते, आणि मग गप्प बसा, मध्ये तोडू नका. बऱ्याचदा उत्तर देवाबद्दल नसतंच, दुखेल का, रात्री एकटा असेन का, तुझ्या आईकडे कोण बघेल, असे प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरं तुम्हाला प्रत्यक्ष देता येतात, डॉक्टरांकडून वेदनेची औषधं नीट लिहून घ्या, रात्रीच्या पाळ्या लावा. त्याने स्वतः देवाचा विषय काढला तर त्याच्याच शब्दांत बोला, तो नास्तिक असेल तर शेवटच्या घटकेला त्याच्या कानात नाम घालायचा आग्रह नको, आणि तो भाविक असेल नि तुम्ही नसाल तर त्याची जपमाळ हाताशी राहील एवढं बघा, वाद घालायची ती वेळ नव्हे. पाप, शिक्षा, माफी असलं काही आतून निघायला लागलं तर त्याच्याच धर्मातला, त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस बोलवा, आणि बोलवायच्या आधी त्या माणसाला बाहेर बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की घाबरवायचं नाही.